हनुवटीवरचे तीन ठिपके

परवा भिशीला जमलो होतो. पोह्यांच्या बश्या फिरत होत्या, तेवढ्यात एका मैत्रिणीने माझ्या मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि मोबाइलच उचलून घेतला. आमच्या घाटाचं चित्र होतं. पावसाळ्यातलं गढूळ पाणी, वरच्या चार पायऱ्या तेवढ्या दिसताहेत, आणि एक बाई पदर खोचून वाकून पाण्याकडे बघतेय. ‘कुठनं डाउनलोड केलंस गं?’ ‘डाउनलोड नाही, मी काढलंय.’ ‘काढलंय म्हणजे? कॉम्प्युटरवर? तुला येतं?’

तिचं काही चुकलं नाही. चार-पाच वर्षांपूर्वी मीही असंच विचारलं असतं.

मैत्रिणींनो, चित्रकला मला नवीन नव्हती. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा मी दिल्या होत्या. पुढे कोल्हापूरला जाऊन चित्रकलाच शिकायची असं मनात होतं, पण घरी ‘बीए कर, मग बघू’ असं ठरलं. बीए झालं, लग्न झालं, आणि ते ‘मग बघू’ तसंच राहिलं. रांगोळी, रुखवताचे बोर्ड, बचत गटाच्या मेळाव्याची पोस्टर्स... हात अगदीच गंजला नव्हता एवढंच.

कॉम्प्युटरवरच्या चित्राची भीती मात्र खरी होती. आमचे हे हायस्कूलमध्ये गणित शिकवतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन तास घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी एक पेन टॅब्लेट घेतला. काळी प्लास्टिकची पाटी आणि तिच्यासोबत पेन. पाटीवर लिहायचं आणि अक्षर उमटणार समोरच्या स्क्रीनवर. शाळा सुरू झाल्या आणि ती पाटी कपाटावर गेली. लेक पुण्याहून आली होती, ती म्हणाली, ‘आई, यावर चित्रं काढता येतात. तू का नाही वापरत?’ तिच्याच आग्रहामुळे मी सांगलीला दोन दिवसांच्या एका शिबिरालाही जाऊन आले.

त्या शिबिरात काय झालं ते सांगते. सगळी विशी-बाविशीची मुलं. स्क्रीनवर पांढराशुभ्र चौकोन उघडला, डाव्या-उजव्या बाजूला पन्नास चिन्हं. हात टेबलावर, डोळे समोर. आरशात बघून दुसऱ्याच्या कपाळाला टिकली लावायला सांगावं, तसं झालं. सरळ रेघ मारायला गेले तर गांडूळ! बरं, कागदावर रेघ चुकली तर आपली आपल्यापाशी राहते. इथे मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होती. शेजारचा मुलगा अगदी सहानुभूतीने म्हणाला, ‘काकू, तुम्ही आधी पेंटमध्ये ट्राय करा ना.’ दुसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. घरी सांगितलं, डोकं दुखतंय.

पाटी परत कपाटावर गेली ती तिथेच राहिली असती. पण आमच्या घरात एक खोकं होतं.

त्या खोक्याची गोष्ट २०१९ च्या ऑगस्टमधली. आमचं गाव कृष्णाकाठचं. त्या वर्षी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फूट ओलांडले. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, यावरून काय ते समजा. पाणी उतरल्यावर आमच्या गटातल्या बायकांनी घरं धुवायला एकमेकींना हात दिला. चिखल, कुजलेलं धान्य, फुगलेली दारं. मदत चारी बाजूंनी आली. साड्या, चादरी, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं. पंचनामे झाले. पण फोटोंचं नुकसान कोण लिहून घेणार? ओल्या अल्बमचे लगदे बायकांनी गच्चीवर, कट्ट्यावर मांडून ठेवले होते. एक आजी तर काचेची फ्रेम मांडीवर घेऊन दोन तास नुसत्या बसून होत्या. काचेच्या आत पाणी होतं, आणि फोटो काचेला चिकटलेला. टाकून द्यायचं जिवावर आलेले असे फोटो मी गोळा करून ठेवले. ‘बघू काहीतरी करता येतंय का,’ म्हणाले. करता काय येणार, हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं.

तेव्हा आम्ही एक चूक केली. सगळे फोटो कडक उन्हात टाकले. ते वळून सुरळ्या झाल्या आणि एकमेकांना चिकटलेले तर कायमचे चिकटले. नंतर माहिती झाली ती तुम्हालाही सांगून ठेवते, नदीकाठी राहणाऱ्यांना उपयोगी पडेल. स्टुडिओत धुतलेल्या फोटोवर जिलेटिनचा पातळ थर असतो, चित्र त्या थरात असतं. पाण्याने तो मऊ पडतो, म्हणून ओल्या फोटोच्या चित्रावर बोट लावायचं नाही. कडेने धरायचं, स्वच्छ गार पाण्यात हलकेच खळबळायचं आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत, जुन्या सुती कापडावर वाळवायचं. चिकटलेले असतील तर ओढायचे नाहीत, पाण्यात भिजू द्यायचे, आपोआप सुटतात. लगेच वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले तरी टिकतात, बुरशी धरत नाही. घरच्या प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र पाण्यात घालू नका, शाई उतरते. काचेला चिकटून वाळलेला फोटो खरवडून काढायला जाऊ नका, काचेसकटच त्याचा फोटो काढून घ्या.

२०२१ च्या जुलैमध्ये परत पूर आला. सामान माळ्यावर चढवताना ते खोकं हाती लागलं आणि मला अगदी अपराधी वाटलं. दोन वर्षं लोकांच्या आठवणी मी नुसत्या डांबून ठेवल्या होत्या. लेकीला फोनवर बोलले तर तिने एक भाषण ऐकायला पाठवलं. बेकी मॅन्सन नावाच्या बाईचं. ती व्यवसायाने फोटो रिटचिंग करणारी. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये त्सुनामी आली, तेव्हा ती स्वयंसेवक म्हणून चिखल उपसायला गेली आणि तिथे ढिगाऱ्यात सापडलेले फोटो धुऊन, दुरुस्त करून लोकांना परत द्यायच्या कामाला लागली. देशोदेशीचे रिटचिंगवाले तिने इंटरनेटवरून या कामाला जोडून घेतले. भाषण ऐकून मी खोकं खाली काढलं आणि ती काळी पाटीही.

आता कुणी म्हणेल, लगेच आजींचा फोटो हातात घेतला असेल. छे! तेवढी हिंमत नव्हती. सुरुवात केली ती घरच्याच फालतू फोटोंपासून. गिंप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते लेकीने फोनवरून सांगत सांगत टाकून घेतलं. पहिला फोटो भाचीच्या वाढदिवसाचा. मागे दोरीवर ह्यांचा बनियन वाळत होता, तो घालवायचा. क्लोन नावाचं हत्यार असतं. भिंतीचा स्वच्छ तुकडा निवडायचा आणि बनियनवर पेन फिरवायचं, तिथे भिंत उमटते. म्हणजे आपलं रफू! शेजारचे धागे घेऊन भोक भरायचं. पहिल्यांदा ठिगळ दिसलं, कारण भिंतीवर उजेड एका बाजूने होता आणि मी अंधारातला तुकडा उजेडात नेऊन लावला होता. परत केलं. बनियन गेला. मला इतका आनंद झाला की मी ह्यांना झोपेतून उठवून दाखवलं. ‘बनियन कुठाय?’ म्हणून ते खरंच दोरीकडे बघायला लागले.

मग सवयच लागली. दुपारी जेवणं आवरली की अर्धा तास. नवरीच्या डोक्यामागचं स्विचबोर्ड. जुन्या कॅमेऱ्याने फोटोच्या कोपऱ्यात छापलेली नारिंगी तारीख. ग्रुप फोटोत मध्येच उगवलेला कुणाचा तरी हात. चुकलं तर कंट्रोल आणि झेड ही दोन बटणं दाबायची, मागचं पाऊल मागे. आपल्या आयुष्यात हे बटण कुठे असतं? भाजीत मीठ जास्त झालं तर बटाटा टाकावा लागतो. इथे काहीच बिघडत नव्हतं. आणि मुख्य म्हणजे समोर पांढरा चौकोन नव्हता. भाची होती, भिंत होती, केक होता. नवीन काही काढून दाखवायचं नव्हतं, फक्त थोडं सावरायचं होतं. सावरणं आपल्याला येतंच की.

दोन-तीन महिन्यांत काय झालं ते माझ्याही लक्षात आलं नाही. हात टेबलावर आणि डोळे स्क्रीनवर, याचा विसर पडला. शिवणाचं मशीन शिकताना पाय आणि हात वेगवेगळे पळतात आणि एके दिवशी जुळून येतात ना, तसं. पेन हलकं टेकवलं की फिकं उमटतं, दाबलं की गडद. ब्रशची कड मऊ ठेवली तर जोड कळत नाही. केसांवरचा डाग काढायचा तर केस ज्या दिशेने वळलेत तिकडेच पेन वळवायचं, नाहीतर टक्कल दिसतं. आणि रंग! कॉम्प्युटरमध्ये ड्रॉपरसारखं एक चिन्ह असतं, फोटोत कुठेही टेकवलं की तिथला नेमका रंग दाखवतं. पांढऱ्या धोतराच्या चुणीवर टेकवलं तर रंग निघाला निळसर राखाडी. गालावर चार ठिकाणी टेकवलं तर चार रंग. इंटरमिजिएटच्या वेळी बाई घसा फोडून सांगायच्या, ‘सावली म्हणजे काळा रंग नव्हे गं.’ पंचवीस-तीस वर्षांनी ते मला पटलं.

गावातल्या जुन्या स्टुडिओवाल्या काकांना मी हे सगळं सांगितलं तर ते हसले. म्हणाले, ‘नवीन काय त्यात? आमचे वडील हेच करायचे.’ पूर्वी निगेटिव्ह उताराच्या डेस्कवर ठेवून, मागून उजेड घेऊन, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने त्यावर बारीक बारीक टिंबं द्यायचे. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागते तिथे कागदावर उजळ उमटतं. देवीचे व्रण, सुरकुत्या अशा भरून काढायचे. आणि उजळ भाग गडद करायचा असेल तर पातळ पात्याने निगेटिव्ह खरवडायचे. मग काळ्यापांढऱ्या फोटोला कापसाच्या बोळ्याने गालावर गुलाबी रंग. काकांनी मला वडिलांचं ते डेस्क दाखवलं. त्या लाकडावर कोपर टेकून टेकून खळगा पडला होता. त्यांचे वडील कंट्रोल-झेडशिवाय काम करत होते, हे मनात येऊन मला माझीच लाज वाटली.

आणि मग आजींची फ्रेम काढली.

फोटो त्यांच्या आईचा. पंढरपूरच्या वारीला गेल्यावर तिथल्या स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला पडदा. आईचा हा एकच फोटो. काचेवरूनच तो स्कॅन केला. आधी मूळ फाइल वेगळी ठेवून दिली आणि कामाला कॉपी घेतली (हे विसरायचं नाही, बायांनो, पुढे कळेलच का). बुरशीचे ठिपके चेहराभर, कपाळावर एक मोठा ओघळ, खांद्यावरचा पदर अर्धा गेलेला. पंधरा दिवस रोज थोडं थोडं केलं. हीलिंग नावाचं हत्यार ठिपक्यांवर फार छान चालतं, टेकवलं की ठिपका गायब. चेहरा कसा लख्ख झाला! प्रिंट काढली, नवी फ्रेम घातली, आणि मोठ्या थाटात आजींच्या घरी गेले.

आजींनी फ्रेम दोन्ही हातांनी धरली. लांब धरली, जवळ धरली. सुनेने चष्मा आणून दिला. मग माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ‘ही कोन? ही माजी आय न्हवं.’

मला काही सुचेना. सून म्हणाली, ‘अहो आत्याबाई, असं काय करताय? किती छान केलंय ताईंनी.’ आजी म्हणाल्या, ‘छान हाय. पर तिचं गोंदान कुठं गेलं?’ आणि त्यांनी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. तिथेही होते, तीन हिरवट ठिपके. आईने जत्रेत स्वतःसारखेच लेकीला गोंदवून घेतले होते.

मी बुरशी समजून पुसून टाकले होते ते.

त्या रात्री मूळ फाइल उघडली आणि हनुवटी मोठी करून बघितली. नीट बघितल्यावर कळत होतं. बुरशीचे डाग वेडेवाकडे, हे तीन एका रेषेत, सारख्या अंतरावर. मी बघितलंच नव्हतं. मला फक्त डाग दिसत होते आणि डाग घालवायचे होते. बाई दिसतच नव्हती. (हल्ली एआयवाली अ‍ॅप्स आली आहेत, बोट लावलं की फोटो साफ. गटातल्या एकीने त्यावर वडिलांचा फोटो टाकला. निघाला फार देखणा माणूस, पण तो तिचा बाप नव्हता. दात सरळ, नाक सरळ. तिच्या वडिलांचा एक डोळा बारीक होता, तोही सारखा करून टाकलेला. मशीनला नावं ठेवायला मला तोंड नाही. मीही तेच केलं होतं.)

मूळ फाइलवरून ते ठिपके परत आणायला गेले तर त्यांच्यासोबत बुरशीही यायला लागली. मधला ठिपका तर डागाखाली अर्धा गेलेलाच. म्हणजे इथे रफू चालणार नव्हतं, शेजारून धागा घ्यायला शेजारीच काही नव्हतं. काढावंच लागणार होतं. लेअर म्हणून एक सोय असते, चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवल्यासारखी. त्यावर काढलेलं खालच्या चित्राला लागत नाही. लेअर घेतला, ब्रश अगदी बारीक, रंग फिका. गोंदण कातडीवर नसतं, कातडीच्या आत असतं. कड थोडी पसरलेली, मध्ये जरा गडद. दुसऱ्या दिवशी मुद्दाम आजींकडे जाऊन त्यांची हनुवटी धरून बघून आले. त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण बसून राहिल्या शहाण्या मुलीसारख्या.

तीन ठिपके काढायला तीन दुपारी लागल्या. मग वाटलं, पदराचं मी जे केलंय तेही खोटंच आहे. क्लोन करून करून काठाची नक्षी सारखी सारखी आली होती, छापा मारल्यासारखी. तेही पुसलं आणि पदराच्या चुण्या हाताने काढल्या. मग पदरावरचा हात, त्याची दोन बोटं पाण्याने खाल्ली होती. माझ्याच हातात पदर धरून आरशात बघितलं आणि तशी काढली. हे सगळं करताना एकदाही ‘मी कॉम्प्युटरवर चित्र काढतेय’ असं मनात आलं नाही. संपल्यावर खालचा फोटो लपवून नुसता वरचा लेअर बघितला तेव्हा चमकले. रिकाम्या जागी एक पदर, दोन बोटं आणि तीन ठिपके तरंगत होते, आणि ते सगळं माझ्या हातचं होतं. शिबिरात मला न आलेली सरळ रेघसुद्धा त्यात होती, काठाची.

त्यानंतर क्रिटा टाकून घेतलं. तेही फुकटच आहे, खास चित्र काढण्यासाठी केलेलं. पांढरा चौकोन उघडल्यावर अजूनही छातीत थोडं धडधडतं. त्यावर माझा उपाय म्हणजे पहिल्यांदा सगळा चौकोन चहासारख्या रंगाने भरून टाकायचा. पांढरं राहिलंच नाही की भ्यायचं कशाला! लेक म्हणते, मोठमोठे चित्रकारही असंच करतात. डेव्हिड हॉकनींसारखा चित्रकार सत्तरी उलटल्यावर, २००९ च्या सुमारास, आयफोनवर बोटाने फुलं काढायला लागला, हेही तिनेच सांगितलं. मी तर अजून पन्नाशीचीही नाही.

कुणाला करून बघायचं असेल तर पाटी हवीच असं नाही. मोबाइलवर स्नॅपसीड आहे, त्यात हीलिंग आहे, बोटाने सुरुवात करा. स्वतःच्याच घरातला फोटो घ्या, जो बिघडला तरी चालेल असा. जुन्या फोटोचा फोटो काढताना फ्लॅश नको. खिडकीपाशी, थेट ऊन येणार नाही अशा जागी ठेवून वरून सरळ काढा. स्कॅन करून मिळत असेल तर ६०० डीपीआयवर मागा, झेरॉक्सवाल्याला सांगितलं की करून देतो. पाटी घ्यायचीच झाली तर साधी तीन हजारांच्या आतबाहेर मिळते. पण आधी घरातल्या मुलांच्या मास्तरांकडे चौकशी करा, लॉकडाऊनमधल्या कितीतरी कपाटांवर पडून असतील!

खोकं आता निम्मं रिकामं झालंय. गटातल्या बायकांकडून पैसे घेत नाही, बाहेरच्यांनी शंभर रुपये गटाच्या खात्यात घालायचे असं ठरलंय. काही फोटो तसेच परत दिले. एका बाईच्या गेलेल्या मुलाचा फोटो होता, डोळ्यांखालचा चेहराच धुऊन गेलेला. ती म्हणाली, ‘तुम्हाला येतंय की, काढा अंदाजाने.’ मी नाही म्हणाले. माहेरच्यांकडे विचार, लग्नकार्यातल्या कुणाच्या फोटोत मागे उभा असेल, असं सांगितलं. अजून तरी मिळालेला नाही. तो फोटो मी फक्त नीट वाळवून, पाकिटात घालून दिला. ती थोडी नाराज आहे माझ्यावर. समोर आली की बोलते, पण आधीसारखी थांबत नाही. काढायला हवा होता का, असं अधूनमधून वाटतं.

आजींनी मात्र गोंदण बघून फ्रेम देवघराशेजारी लावली. आणि आठ दिवसांनी सुनेकरवी निरोप धाडला, ‘रंग भरता येतोय का इचार.’ काळ्यापांढऱ्या फोटोत हिरवं काय आणि लाल काय, सगळं राखाडी. विचारायचं कुणाला, तर आजींनाच. त्या म्हणाल्या, लुगडं हिरवं. मी चार दुपारी बसून छान हिरवा रंग भरला आणि मोबाइलवर नेऊन दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘न्हाई गं. हिरवं थोरल्या मावशीचं. आयचं अंजिरी हुतं.’

अंजिरीच्या सहा छटा काढून ठेवल्यात. गुरुवारी त्या बाजाराला येतात, तेव्हा घरी येऊन बोट ठेवतो म्हणाल्या आहेत.